पंधरा पाऊणे सव्वाअकरा: चंद्राची ओढ आणि नेत्याची ओढ

मागच्या निवडणुकीत आमच्या खाडीकाठच्या मळ्यात एक सभा झाली. कोणाची ते सांगत नाही. सांगितलं तर पुढचं कोणी वाचणार नाही. मंडपवाला घाटावरचा होता. जागा सपाट, मोकळी, रस्त्याला लागून, म्हणून खूश होऊन त्याने हजारभर खुर्च्या मांडल्या. खारबांधाची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी झडप, दोन वर्षांपासून मोडलेली आहे आणि दिवस अमावास्येचा आहे, या दोन गोष्टी त्याला कोणी सांगितल्या नाहीत. सभा नऊची होती. साहेब अकराला आले. तोवर पाणीही आलं होतं.

मागच्या पाच-सहा रांगा घोटाभर पाण्यात. मला वाटलं, आता मंडळी उठणार. कोणी उठलं नाही. बायकांनी चपला पिशवीत घातल्या, पुरुषांनी पँटी दुमडल्या, पोरांनी तर खेळच मांडला. दोन तास उन्हात बसून वैतागलेली ही माणसं हेलिकॉप्टरची घरघर कानावर येताच अशी टवटवीत झाली की जणू आत्ताच न्हाऊन आलीत. शेजारी बसलेला बाबल माझ्या कानाशी लागला, "मास्तरांनू, हेचे गिरह उच्चीचे आसतले. नायतर पाण्यात पाय घालून कोण बसतलो?"

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. सभेतलं भाषण मला आठवत नाही, पण बाबलचं वाक्य डोक्यात राहिलं. त्या मळ्यात त्या वेळी दोन ओढी एकदम काम करत होत्या. एक सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच्या चंद्राची, दुसरी पन्नास मीटरवरच्या व्यासपीठाची. पहिलीचं वेळापत्रक बाबलला तोंडपाठ होतं. दुसरीचं कारण शोधायला मात्र तो थेट ग्रहांपर्यंत गेला. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आता इथे देतो.

आधी पाण्याचं.

किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला पाऊणकी लागते. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत, त्यातली ही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. अमावास्या म्हणजे वद्य पक्षातली पंधरावी तिथी: पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सभेच्या दिवशी पाणी अगदी वेळेवर होतं, उशीर फक्त साहेबांना झाला. या गणितात काही मिनिटांची चूक राहते, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणकीत आपण पंचेचाळीसच धरतो. पण पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, टाकायला निघालेल्याला तेवढं पुरतं.

पन्नास मिनिटं का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्या समोर पुन्हा यायला आपल्याला २४ तास ५० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पाणी दोनदा चढतं. आणि वर्गात दरवर्षी एखादं हुशार पोर हात वर करायचं ते इथेच: सर, चंद्र एका बाजूला, मग पाणी दोन्ही बाजूंना कसं फुगतं?

याचं उत्तर कळलं की अर्धा लेख कळला. भरती चंद्राच्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. शिमग्यात पालखी निघाली की पुढची पोरं ढोलाच्या नादात धावत सुटतात, मधले बेताने चालतात, मागची म्हातारी माणसं रेंगाळतात. सगळे एकाच दिशेने चाललेले असतात, तरी मिरवणूक लांबत जाते. मध्ये चालणाऱ्याला वाटतं, पुढचे पुढे पळतायत आणि मागचे मागे पडतायत. पृथ्वीचं तसंच आहे. चंद्राजवळच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, मधली पृथ्वी त्याहून कमी आणि पलीकडचं पाणी सर्वांत कमी. म्हणून दोन्ही टोकांना फुगवटा.

सूर्याचंच बघा. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या पावणेदोनशे पटींनी जास्त जोराने ओढतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. तरीही भरतीत सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी, कारण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूला त्याची ओढ जवळपास सारखीच पडते. सारखी पडली की काही फुगत नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांचे फरक एकमेकांत मिळतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, एकाचं काम दुसरा खोडतो, तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती.

आता यातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. नुसत्या चंद्राचा हिशेब मांडला तर मोकळ्या महासागरात पाणी जेमतेम अर्धा मीटर वर-खाली व्हायला हवं. आमच्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटर होतं. मुंबईत त्याहून पुष्कळ जास्त. खंभातच्या आखातात, भावनगरकडे, दहा मीटर. आणि दक्षिणेला कोचीपर्यंत उतरलात तर एक मीटरच्या आसपास. किनारा तोच, समुद्र तोच, चंद्र तर एकच. मग फरक कुठून आला? जमिनीच्या आकारातून. उत्तरेकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो, पुढे आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं, आणि आत शिरलेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. भावनगरचा माणूस म्हणू शकेल की आमच्याकडचा चंद्र फार जोरदार आहे. चंद्राला त्याची गंमत वाटेल.

हे नरसाळं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबलच्या ग्रहांकडे वळतो. तो विषय फार वेळ घेण्यासारखा नाही, पण टाळण्यासारखाही नाही. गुरूची ओढ जन्मलेल्या बाळावर पडते का? पडते. विज्ञानवाले मित्र कधीकधी ठोकून देतात की गुरूपेक्षा सुईणीची ओढ जास्त असते. ते चूक आहे. मी आकडे मांडून पाहिले आहेत. नुसती ओढ बघितली तर हातभर अंतरावरच्या सुईणीपेक्षा गुरूची काही पटींनी जास्तच भरते. पण ती ओढ बाळाला, खाटेला, सुईणीला आणि अख्ख्या पृथ्वीला सारखीच पडते, त्यामुळे कोणाला काही होत नाही. आपण वर पाहिलं तसं, काम करतो तो फरक. आणि फरक बघितला तर सुईण गुरूला अब्जांच्या पटीत मागे टाकते. ज्योतिषी यावर म्हणतील, आमचा प्रभाव गुरुत्वाकर्षणाचा नाहीच, वेगळाच आहे. ठीक. मग परिणाम तरी मोजून बघावा. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने तेच केलं. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठवल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती.

तर ग्रह बाजूला. मग त्या व्यासपीठावर होतं काय?

त्याला आपण करिश्मा म्हणतो. हिंदी सिनेमामुळे हा शब्द उर्दूतला वाटतो, आणि चमत्कार या अर्थाचा फारसी ‘करिश्मा’ आहेही. पण राजकारणात ज्या अर्थाने तो वापरला जातो तो आला ग्रीकमधून. ‘खारिस’ म्हणजे कृपा, ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने मिळालेलं देणं. बायबलच्या नव्या करारात संत पॉलच्या पत्रांत तो येतो. तिथून एका चर्च-इतिहासकाराच्या लेखनातून तो उचलला माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. वेबर १९२० च्या जूनमध्ये गेला, टिळकांच्या आधी दीड महिना. त्याचं मुख्य पुस्तक त्यानंतर दोन वर्षांनी छापलं गेलं.

वेबरचा प्रश्न साधा होता: माणसं दुसऱ्याचं का ऐकतात? त्याने तीन कारणं दिली. बापजाद्यांपासून चालत आलंय म्हणून. कायद्यात लिहिलंय म्हणून. किंवा त्या माणसात काही असाधारण आहे असं वाटतं म्हणून. आमच्या गावात तिन्ही एका दिवसात भेटतात. सकाळी तलाठ्याचं ऐकतो, दुपारी देवळात मानकऱ्याचं, संध्याकाळी सभेत साहेबांचं.

तिसऱ्या प्रकाराबद्दल वेबर जे म्हणतो ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. नेत्यामध्ये खरोखर काही दैवी आहे की नाही, हा प्रश्नच तो बाजूला ठेवतो. अनुयायांना तसं वाटतं का, त्यांनी ते मान्य केलंय का, एवढंच तो बघतो. मराठी माणसाला हे शिकवायला जर्मन पंडित लागू नये, कारण आपल्याकडे त्याच्यासाठी एका शब्दात पदवीच आहे. लोकमान्य. रत्नागिरीत जन्मलेल्या त्या माणसाला लोकांनी जे नाव दिलं त्यात ‘महान’, ‘थोर’, ‘दैवी’ असलं काही नाही. लोकांनी मानलेला, बस.

आणि कोकणातल्या माणसाने तर हे देवळातच पाहिलेलं असतं. आमच्याकडे अवसर येतो. ज्याच्या अंगात देवाचं वारं येतं त्याला झाड म्हणतात. ढोल-ताशे वाजतात, गाऱ्हाणं घातलं जातं, माणसं गोल करून उभी राहतात, आणि कालपर्यंत आपल्याच बोटीवर जाळी ओढणारा पोरगा एकदम ताठ होतो, आवाज बदलतो. मग सरपंच त्याच्यापुढे वाकतो, वयाने दुप्पट माणसं त्याला ‘म्हाराजा’ म्हणून हाक मारतात, भावाभावांतला बांधाचा वाद तो दोन वाक्यांत मिटवतो. वारं उतरलं की त्याला कोणी पाणी देतं, पंचाने तोंड पुसतं. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा रेशनच्या रांगेत उभा, आणि पुढे घुसला तर लोक त्याला शिव्या घालतात. देव आहे की नाही यावर मी इथे वाद घालत नाही. मला रांगेतल्या शिव्यांमध्ये रस आहे. अधिकार त्या पोराच्या हाडामांसात नव्हता. ढोल, गोल, वेळ, गाऱ्हाणं आणि गावाची मान्यता हे सगळं एकत्र आलं तेव्हा तो उभा राहिला, आणि मांडणी मोडली तेव्हा संपला.

गर्दीतल्या त्या ऊर्जेवर फ्रान्सच्या एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लिहून ठेवलंय. माणसं एका जागी, एका तालात, एका गोष्टीकडे बघत जमली की प्रत्येकाला आपल्याहून मोठं काहीतरी अंगात शिरल्यासारखं वाटतं. ते खोटं नसतं, खरंच वाटतं. फक्त ते येतं शेजारच्या माणसांकडून, आणि श्रेय जातं मधल्या खांबाला, पालखीला किंवा व्यासपीठाला. हेलिकॉप्टरच्या घरघरीने ताजी झालेली माणसं मला आठवतात. साहेब अजून उतरलेही नव्हते. धुळीशिवाय काही दिसत नव्हतं.

इथवर कोणी म्हणेल, म्हणजे नेता काहीच नसतो? तसं मी म्हणत नाही. चंद्र नसता तर भावनगरला दहा मीटर सोडा, बोटभर पाणीही त्याच्यामुळे चढलं नसतं. वक्तृत्व, धाडस, लोकांची नावं लक्षात ठेवणं, तुरुंगात जायची तयारी, हे गुण खरे असतात आणि सगळ्यांकडे नसतात. पण गुण आणि भरतीची उंची यांच्यामध्ये नरसाळं असतं. ते समजून घ्यायला मी आमच्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घेतो.

डॉ. दत्ता सामंत मालवणजवळच्या देवबागचे. देवबाग पाहिलंय? एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली नदी, मध्ये पट्टीएवढी जमीन. तिथला हा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, घाटकोपरला दवाखाना काढला, आणि पेशंट म्हणून आलेल्या खाणकामगारांच्या दुखण्यांवरून कामगार चळवळीत शिरला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, त्यांत कोकणातले आणि घाटावरचे चिक्कार. आमच्या वाडीत त्या काळात असं घर नव्हतं ज्यातला कोणी ना कोणी गिरणीत नव्हता. मनीऑर्डरी थांबल्या तेव्हा पोस्टमनसुद्धा ओशाळल्यासारखा फिरायचा.

त्या संपाची गोष्ट नेहमी ‘डॉक्टरांनी कामगारांना संपावर नेलं’ अशी सांगितली जाते. घडलं जवळजवळ उलटं. बोनसवरून चिडलेले कामगार स्वतः मोर्चा घेऊन डॉक्टरांच्या दारात गेले आणि आमचं पुढारीपण घ्या म्हणाले. डॉक्टरांनी लगेच होकार दिला नव्हता. मग त्यांच्याकडेच का गेले? कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत मान्यता एकाच संघटनेला होती, मालकांशी बोलणी तिनेच करायची. तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण तिला बाजूला करायची सरळ वाट कायद्यात जवळपास नव्हती. पाणी वाढत होतं आणि दोन्हीकडून काठ आवळत आले होते. अशा ठिकाणी जे कोणी अंगात धमक असलेलं सापडतं, त्याच्या नावाने पाणी चढतं. दुसऱ्या उद्योगांत सामंतांनी भरघोस पगारवाढी मिळवून दिल्या होत्या, ही त्यांची धमक. पण वाट चिंचोळी केली होती ती कायद्याने आणि ज्यांनी कायदा तसाच ठेवला त्यांनी.

वेबरने आणखी एक म्हटलंय: करिश्म्याला सतत पुरावा द्यावा लागतो. अनुयायांचं भलं होत नाही असं दिसलं की तो ओसरतो. इथे मला वेबरशी थोडं भांडायचंय. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. हजारोंच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. त्याच्या हिशेबाने डॉक्टरांची ओढ १९८३ लाच संपायला हवी होती. पण १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, ते मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. वर्तमानपत्रं लाट म्हणतात ते इथे कामाला येतं. लाट वाऱ्याने उठते, वरवरचं पाणी हलवते. भरती तळापासून सगळं पाणी उचलते. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनीच मतं दिली. माझे एक काका त्यांतले. त्यांना मी एकदा विचारलं, एवढं नुकसान होऊनसुद्धा? ते म्हणाले, “दुसरो कोण आमच्या बाजूक उभो रवलो?” हे वाक्य मी अजून कुठल्या सिद्धांतात नीट बसवू शकलेलो नाही.

मराठीत आपण म्हणतो, अमक्याचं वजन आहे. आठवीच्या वर्गात मी शिकवायचो की वस्तुमान आणि वजन वेगळं. वस्तुमान तुमचं स्वतःचं. वजन तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. साठ किलोचा माणूस चंद्रावर दहा किलोचा भासेल, त्यातलं मांस एक तोळा कमी न होता. भाषेने ‘वजनदार नेता’ म्हटलं, ‘वस्तुमानदार’ नाही म्हटलं. पारावर गप्पा मारणाऱ्यांना भौतिकशास्त्र येत नसेल, पण शब्द नेमका निवडला.

आता थोडं लांब जाऊ, आकाशगंगेच्या बाहेर. ‘गूढ वैश्विक शक्ती’ हे शब्द ज्यांना फार आवडतात त्यांच्यासाठी.

१९८० च्या दशकात काही खगोलशास्त्रज्ञांनी शेकडो आकाशगंगांचे वेग मोजले. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे सगळ्या एकमेकींपासून दूर जातायत हे माहीत होतं. पण ते वजा करूनही काहीतरी उरत होतं. आपली आकाशगंगा आणि तिच्या शेजारणी सेकंदाला सुमारे सहाशे किलोमीटर वेगाने कुठेतरी खेचल्या जात होत्या. खेचतंय कोण ते दिसेना, कारण त्या दिशेला आपल्याच आकाशगंगेची धूळ आणि ताऱ्यांची गर्दी आड येते. आपल्याच घराच्या धुराने बाहेरचं दिसू नये तसं. त्या न दिसणाऱ्याला नाव दिलं ‘महाआकर्षक’. नाव असं की डोळ्यांपुढे एकच एक राक्षस उभा राहावा.

पुढे क्ष-किरणांनी आणि रेडिओ दुर्बिणींनी धुळीपलीकडे डोकावता आलं. राक्षस सापडला नाही. सापडली ती गर्दी: सुमारे २२ कोटी प्रकाशवर्षांवर आकाशगंगांचा एक दाट समूह, आणि त्याच दिशेला त्याच्याही कितीतरी मागे त्याहून प्रचंड अशी दुसरी जत्रा. ओढ खरी होती, मोजलेली होती. एकवचन तेवढं चुकीचं निघालं.

त्यातही दिसणाऱ्या ताऱ्यांनी हिशेब पुरा होत नाही. सूर्यमालेत जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, आणि शेवटचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांबच्याला ओढ कमी, म्हणून तो सावकाश. आकाशगंगेतही कडेचे तारे रेंगाळायला हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी आकाशगंगेत मोजून १९७० मध्ये सांगितलं की नाही, कडेचे तारेही मधल्यांइतकेच जोरात पळतायत. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी आहे जे उजेड देत नाही. फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्येच असं म्हटलं होतं, पण त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. आजच्या हिशेबाने हे कृष्णद्रव्य दिसणाऱ्या द्रव्याच्या पाचपट आहे. ते कशाचं बनलंय हे अजून कोणाला ठाऊक नाही.

मग ‘कृष्णद्रव्य’ आणि ‘उच्चीचे ग्रह’ यांत फरक काय, दोन्ही न दिसणारेच ना? बाबलने मला हेच विचारलं असतं. फरक दुकानदाराच्या वहीसारखा आहे. कृष्णद्रव्य ही न जुळलेली रक्कम आहे: इतक्या रुपयांचा मेळ लागत नाही, शोध चालू आहे. ‘उच्चीचे ग्रह’ म्हणजे मेळ न घालताच वही मिटणं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी मेळ घालायचा प्रयत्न केला. नाक्यावरच्या चहावाल्याने टेम्पो मोजले होते. बचत गटाच्या बायका गटाने आल्या होत्या, कारण गटाची हजेरी लागणार होती. मुंबईच्या वाडी मंडळाने फोन केले होते आणि चाकरमान्याचा शब्द गावात कोणी मोडत नाही. काहीजण खरंच प्रेमाने आले होते, तेही बरेच. काही माझ्यासारखे बघे. बाबलला विचारलं, तू का बसलास पाण्यात? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बोटीच्या डिझेलचा सरकारी परतावा अडकलाय, साहेब जेटीवर येणार होते, अर्ज हातात द्यायचा होता. म्हणजे ग्रह इतरांसाठी होते. त्याचं स्वतःचं कारण कागदावर लिहिलेलं, खिशात होतं.

कडेचे तारे पळत होते ते अशा उजेड न देणाऱ्या गोष्टींनी. कॅमेऱ्यात मात्र एकच माणूस येतो.

एकाच माणसाभोवती सगळं गोळा होण्याची खोड आमच्या किल्ल्यालाही लागलीय. विजयदुर्गावर दगडी चौथरे आहेत, लोक त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. गावात सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्याने इथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला आता हेलियम दिनही साजरा होतो. खरी हकिकत जास्त मजेदार आहे. १८६८ ला लॉकियर इंग्लंडमध्येच होता. ग्रहण पाहिलं फ्रान्सच्या जान्सेनने गुंटूरहून आणि इतर कितीतरी जणांनी, त्यांत मच्छलीपट्टणमहून पोगसनने. लॉकियरने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला आणि त्यातली पिवळी रेषा कुठल्या नव्या मूलद्रव्याची असावी असं पुढे सुचवलं. १८९५ मध्ये रॅमसेने ते पृथ्वीवर शोधून काढलं. लॉकियर विजयदुर्गाला आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. नौदलाच्या जहाजातले खलाशी हाताशी धरून त्याने इथे दुर्बिणी लावल्या. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण खरं. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि जान्सेन, पोगसन, रॅमसे सगळे हळूहळू लॉकियरच्या पोटात गेले. मोठं नाव आसपासच्या गोष्टी गिळत जड होत जातं. ग्रहही असेच धूळ गिळत मोठे झाले म्हणा.

ही तुलना एका ठिकाणी साफ तुटते, ते न सांगता लेख संपवला तर लबाडी होईल. चंद्रावर तुमचा विश्वास असो नसो, सव्वाअकराला पाणी येणार. घाटावरच्या मंडपवाल्याने तिथी मानली नाही म्हणून भरती थांबली नाही. नेत्याची ओढ मात्र तुमच्या मानण्याचीच बनलेली असते. सगळ्यांनी एका रात्रीत मानणं सोडलं तर सकाळी काही शिल्लक राहत नाही. म्हणूनच तिला निसर्गाच्या शक्तीसारखं समजणं नेत्यांना सोयीचं पडतं. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं. धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा आशय. हे बोलणाऱ्या माणसाला स्वतःला काय प्रमाणात मानलं जाणार आहे, याची त्यांना कल्पना असावी.

हे सगळं मी बाबलला सांगितलं. दोन संध्याकाळी गेल्या, जेटीवर. त्याने शांतपणे ऐकलं, मध्ये एकदा जाळ्याचा दोरा माझ्या हातात धरायला दिला.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. “मास्तरांनू, म्हयन्याच्या शेवटाक परत सभा आसा. थयच, मळ्यात. मंडपवालो इचारता, दिवस कसो?”

मी कॅलेंडर काढलं. सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. पाणी पहाटे सव्वापाचला भरणार, दुपारच्या आधी साडेअकराच्या सुमारास पुरतं ओहोटणार, आणि पुन्हा चढेल ते संध्याकाळी. त्यात दिवस भांगाकडचे. म्हटलं, सांग त्याला, साहेब चार तास उशिरा आले तरी खुर्च्या सुक्या राहतील.

“आणि परताव्याचो अर्ज?” त्याने विचारलं.

त्याला पाऊणकी नाही, म्हटलं.